समजून घ्या : वेताळाचा ठोसा बसतो, पण रक्त का येत नाही? जुन्या कॉमिक्समधल्या मारामारीचा हिशेब

वैराग (ता. बार्शी) : शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, दुपारची वेळ आणि माळ्यावरून खाली उतरवलेली पत्र्याची पेटी. वैरागमधल्या एका घरात या पेटीवरून यंदा चांगलीच वादावादी झाली.

पेटीत आजोबांनी शाळकरी वयात जमवलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ होती. पाने पिवळी पडलेली, पिना गंजलेल्या, काहींची मुखपृष्ठे गायब. चौथीतल्या नातवाने दोन दिवसांत त्यातली पंधरा पुस्तके संपवली. तिसऱ्या दिवशी त्याने सोड्याच्या बाटलीच्या पत्र्याच्या बुचावर खिळ्याने कवटी कोरली, रबराने ते बोटाला बांधले आणि पहिलीतल्या बहिणीच्या गालावर जोरात दाबले. गालावर लाल वळ उठला. बहीण रडत आईकडे गेली आणि पेटी रद्दीवाल्याला देण्यासाठी दाराशी आली.

‘‘अण्णा, सगळ्या पुस्तकांत नुसती हाणामारीच आहे की. पोरगं दुसरं काय शिकणार?’’ सुनेचा सवाल.

‘‘मी हीच वाचून मोठा झालो. आजवर कुणाला चापट तरी मारली का?’’ सासऱ्यांचा जबाब.

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. (मुले लहान असल्याने कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही.) हा वाद एका घरापुरताही नाही. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेची सिनेट, ब्रिटनची संसद आणि भारताची संसद याच प्रश्नावर बोलत होत्या. चित्रांतली मारामारी मुलांना बिघडवते का? आणि बिघडवत असेल, तर कोणती मारामारी?

ही कॉमिक्स आली कुठून?

आज आपण ज्याला वेताळाचे पुस्तक म्हणतो, ते मुळात पुस्तक नव्हतेच. ती वर्तमानपत्रातली रोजची पट्टी होती. तीन-चार चौकटी, खाली ‘उद्या वाचा’ असा भाव आणि दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. मराठीत तिला चित्रपट्टी म्हणतात.

साहसकथांच्या चित्रपट्ट्यांचा जोर १९२९ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी ७ जानेवारीला ‘टारझन’ आणि ‘बक रॉजर्स’ या दोन पट्ट्या एकाच दिवशी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत अवतरल्या. १९३१ मध्ये ‘डिक ट्रेसी’ हा गुप्तहेर आला. १९३४ मध्ये ‘फ्लॅश गॉर्डन’ आणि ‘मँड्रेक’ आले. मँड्रेकचे लेखक ली फॉक यांनीच १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ सुरू केला. हाच आपला वेताळ.

भारतात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढली. सुरुवात वेताळापासूनच झाली. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी हे पाहुणे आले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत ही पुस्तके निघाली. १९९० मध्ये ती बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले होते.

वैरागसारख्या बाजाराच्या गावात ती पोहोचत ती एसटीने. कुणी बार्शीला किंवा सोलापूरला गेले की स्टँडवरच्या स्टॉलवरून एखादे आणायचे. मग ते आळीभर फिरायचे. एकाचे पुस्तक दहा जण वाचायचे आणि शेवटचे पान बहुतेक वेळा कुणीतरी फाडलेले असायचे.

मारामारी एवढी का असायची?

याचे उत्तर लेखकाच्या स्वभावापेक्षा पट्टीच्या मापात आहे.

रोजच्या पट्टीला जागा तीन-चार चौकटींची. पहिल्या चौकटीत काल काय झाले त्याची उजळणी. कारण कालचा पेपर काहींनी पाहिलेला नसतो, काहींच्या घरी त्यात भाजी निवडून झालेली असते. मधल्या चौकटीत आज काहीतरी घडले पाहिजे. शेवटच्या चौकटीत असे काहीतरी हवे की, वाचकाने उद्याचा पेपर घ्यावा.

एवढ्या जागेत माणसाचे मन बदलताना दाखवणे अवघड. दरवाजा फोडणे, पिस्तूल रोखणे, कड्यावरून लोंबकळणे, ठोसा मारणे मात्र एका चौकटीत होते आणि एका नजरेत कळते. म्हणून साहसाच्या पट्टीत धोका रोज लागायचा. कथा पुढे सरकवणारे ते इंजिनच होते.

आता थोडे गणित. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

समजा, एक कथा १५ आठवडे चालली. आठवड्याचे ६ दिवस, रोज ३ चौकटी. म्हणजे २७० चौकटी. त्यातल्या ३० चौकटींत मारामारी आहे असे धरू. वर्तमानपत्राच्या वाचकाला ती आठवड्याला दोनदा भेटेल. दोन ठोशांच्या मध्ये शाळा, जेवण, झोप, मित्रांशी चर्चा, सगळे होऊन जाईल.

तीच कथा पुस्तकात आली की, मुलगा ती अर्ध्या तासात वाचतो. म्हणजे मिनिटाला एक ठोसा. शिवाय पुस्तकाला रोजच्या उजळणीची गरज नसते. कथा ठरावीक पानांत बसवायची, तर काही चौकटी गाळाव्या लागतात आणि त्यात पहिला बळी उजळणीचा आणि निवांत संवादांचा जातो. हाणामारी सहसा गळत नाही, कारण तिच्याशिवाय कथा पुढे जात नाही.

वैरागच्या नातवाने दोन दिवसांत पंधरा पुस्तके वाचली. याच हिशेबाने त्याने साडेचारशे ठोसे पाहिले. वर्तमानपत्रातून तेवढे पाहायला चार वर्षांहून अधिक काळ लागला असता. सुनेला जे दिसले आणि सासऱ्यांना जे आठवते, त्यांत फरक पडतो तो इथे. अण्णांना पुस्तके महिन्याला एखादे मिळायचे. नातवाला पेटीच मिळाली.

मग रक्त का दिसत नाही?

ही पुस्तके नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ठोसा बसतो, माणूस उडतो, खुर्ची मोडते. पण नाकातून रक्त येत नाही, दात पडत नाही आणि दवाखान्याचे बिलही येत नाही.

कारण गिऱ्हाईक. या पट्ट्या एका पेपरसाठी काढल्या जात नसत. ‘किंग फीचर्स’सारख्या वितरण संस्था त्या शेकडो वर्तमानपत्रांना विकत. हा पेपर सकाळी चहाच्या टेबलावर पडायचा. आजी, मुले, सुना सगळे तो उघडायचे. एखाद्या चित्राने घरे बिथरली तर तक्रार संपादकाकडे आणि संपादकाने पट्टी बंद केली तर पैसे बुडाले. त्यामुळे चाळणी छापण्याआधीच लागायची.

या चाळणीतून लेखकांनी वाटा काढल्या. वेताळाकडे दोन पिस्तुले असतात, पण तो गोळी मारतो ती समोरच्याच्या हातातल्या पिस्तुलावर. ठार मारणे हा त्याचा मार्ग नाही. तो गुन्हेगाराला ठोसा मारतो आणि उजव्या हातातल्या अंगठीची कवटी त्याच्या जबड्यावर उमटते. ही खूण कधीच जात नाही. डाव्या हातातल्या अंगठीची खूण मात्र संरक्षणाची. ती ज्याला मिळाली, त्याच्या पाठीशी वेताळ उभा.

मँड्रेकची वाट याहून सोपी. तो हाताने खूण करून समोरच्याला संमोहित करतो. गुंडाला वाटते की, आपल्या हातातले पिस्तूल म्हणजे साप आहे. तो घाबरून ते टाकून देतो. भांडण संपले, कुणाला ओरखडाही नाही.

म्हणजे मारामारी ठेवायची, पण तिचा परिणाम लपवायचा. घरात चालेल अशी हिंसा तयार करण्याची ही युक्ती होती. ती सौम्य दिसते हे खरे. पण त्यातच एक गफलतही आहे. ठोसा मारल्यावर दुखत नाही, असे चित्र मुलापुढे वर्षानुवर्षे राहते. बहिणीच्या गालावर वळ उठल्यावर नातू स्वतःच घाबरला होता. पुस्तकात असे होत नव्हते.

सगळ्याच पट्ट्या अशा होत्या का?

नाही. ‘डिक ट्रेसी’ हा मोठा अपवाद. शिकागोतल्या टोळ्यांच्या काळात चेस्टर गुल्ड यांनी हा गुप्तहेर घडवला. कथेच्या आरंभीच दरोडेखोर नायिकेच्या वडिलांना त्यांच्या दुकानातल्या कमाईसाठी गोळ्या घालतात. त्यानंतर ट्रेसी पोलिसांत जातो. पुढे या पट्टीतल्या खलनायकांचे शेवट भयानक असायचे. १९४४ मध्ये ‘फ्लॅटटॉप’ हा मारेकरी पाण्यात बुडून मरतो. त्याच वर्षी ‘द ब्राऊ’ हा हेर खिडकीतून झेंड्याच्या काठीवर पडतो आणि काठी त्याच्या आरपार जाते. हे सगळे रोजच्या पेपरात, मुलांच्या डोळ्यांसमोर.

दुसरे उदाहरण त्याहून वेगळे आहे. मिल्टन कॅनिफ यांच्या ‘टेरी अँड द पायरेट्स’ या पट्टीत ऑक्टोबर १९४१ मध्ये रेव्हन शर्मन या समाजसेविकेचा मृत्यू दाखवला. चालत्या ट्रकमधून तिला ढकलले जाते आणि ती डोंगराळ रस्त्यावर, आपल्या माणसाच्या सोबतीत प्राण सोडते. तिला पुरल्याचेही दाखवले. वाचक हळहळले, पत्रे आली. इथे हिंसा होती, पण तिचे दुःखही होते. मरण म्हणजे काय, हे त्या पट्टीने लपवले नाही.

या दोन उदाहरणांतला फरक महत्त्वाचा आहे. रक्त किती सांडले यापेक्षा त्या सांडण्याला किंमत दिली की नाही, हा खरा प्रश्न.

बंदीची मागणी कधी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गुन्हेगारी आणि भयकथांच्या स्वतंत्र कॉमिक पुस्तकांची लाट आली. ही पुस्तके वर्तमानपत्राच्या चाळणीतून जात नव्हती. मुले खाऊच्या पैशांत ती स्वतः विकत घ्यायची.

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स यांच्यापुढे एक मुखपृष्ठ ठेवण्यात आले. त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तुटलेले मुंडके धरलेला माणूस होता. हे सुरुचीला धरून आहे का, असे विचारल्यावर भयकथेच्या कॉमिक्ससाठी आहे, असे त्यांनी सांगितले. त्या उत्तराने प्रकाशकांची बाजू लंगडी पडली.

याच सुनावणीत मिल्टन कॅनिफ आणि वॉल्ट केली हे वर्तमानपत्रातले चित्रकारही आले. आमच्या पट्ट्यांना या पुस्तकांच्या पंगतीला बसवू नका, असा त्यांचा सूर होता.

सरकारने बंदी घालण्याआधी प्रकाशकांनीच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता तयार केली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, अतिरेकी हिंसा नको, पिशाच्चे नकोत, असे तिचे नियम होते. वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांना ती लागू नव्हती. ही संहिता २०११ पर्यंत कशीबशी टिकली.

गोष्ट इथे संपत नाही. वर्थम यांची मूळ कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर इलिनॉय विद्यापीठातल्या कॅरल टिली यांनी ती तपासली. वर्थम यांनी मुलांच्या नोंदी सोयीने वाकवल्याचे त्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. ज्या पुस्तकाने एवढा गदारोळ केला, त्याचा पायाच कच्चा होता.

भारतात कायदा आहे का?

आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

कॉमिक्सच्या भीतीची लाट जगभर पसरली होती. फ्रान्सने १९४९ मध्ये मुलांच्या प्रकाशनांसाठी कायदा केला. कॅनडाने त्याच वर्षी गुन्हेगारी कॉमिक्सवर बंदी आणली. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला. पाठोपाठ १९५६ मध्ये भारताच्या संसदेने तरुणांसाठी घातक प्रकाशनांचा कायदा मंजूर केला.

या कायद्यात काय आहे, ते थोडक्यात असे :

• चित्रांसह किंवा चित्रांशिवाय सांगितलेल्या, गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या घटना रंगवणाऱ्या गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. व्याख्येत वर्तमानपत्राचाही उल्लेख आहे.

• नुसती हिंसा दाखवली म्हणून प्रकाशन घातक ठरत नाही. ते एकूण असे असले पाहिजे की, ज्याच्या हाती पडेल त्या तरुणाला बिघडवण्याकडे त्याचा कल असेल.

• ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती.

• विक्री किंवा प्रकाशन करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य सरकार अशा प्रकाशनाच्या प्रती जप्त करू शकते.

‘इंद्रजाल’ हा कायदा झाल्यावर आठ वर्षांनी आली आणि सव्वीस वर्षे उघडपणे विकली गेली. ‘एकूण परिणाम’ ही कसोटी लावली तर ते स्वाभाविकच आहे. वेताळाच्या कथेत गुन्हेगार कधी जिंकत नाही.

इथे कात्री लागली ती कशाला?

हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग.

मूळ कथेत वेताळाचे वंशज ‘बेंगाला’ नावाच्या देशात राहतात. सुरुवातीच्या पट्ट्यांत हा देश आशियात कुठेतरी वाटायचा, पुढे तो आफ्रिकेत गेला. पहिल्या वेताळाच्या वडिलांना १५३६ मध्ये मारणारे चाचे ‘सिंग’ टोळीचे होते. विसाव्या वेताळाचा खून करणाऱ्याचे नाव होते ‘रामा’.

भारतात छापताना ही नावे अडचणीची होती. ‘बेंगाला’ म्हटले की बंगाल आठवणार. ‘सिंग’ आणि ‘रामा’ ही तर इथल्या घराघरातली नावे. म्हणून ‘इंद्रजाल’मध्ये देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले आणि ‘रामा’चा ‘रामलू’ झाला.

ठोसे होते तसेच राहिले. पिस्तुले राहिली. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ राहिली. बदलली ती नावे.

यातून एक कळते. हिंसा कुणाला कधी खुपते, हे रक्तापेक्षा मार कुणाला बसतोय यावर ठरते. मार खाणारा किंवा खून करणारा ‘आपल्यातला’ वाटला की चित्र बोचते. तो दूरच्या देशातला, अनोळखी चेहऱ्याचा असला की तीच मारामारी करमणूक होते.

मग खरी खटकणारी गोष्ट कोणती?

याच कसोटीवर जुनी पाने पुन्हा पाहिली तर ठोशांपेक्षा वेगळ्या गोष्टी टोचतात.

पहिली म्हणजे गोरा नायक आणि काळी प्रजा. जंगलातल्या शेकडो माणसांचे भले एक गोरा मुखवटेवालाच करतो. मँड्रेकचा साथीदार लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र. पण सुरुवातीची तीस वर्षे तो बिबळ्याच्या कातड्यात वावरायचा आणि मोडकेतोडके बोलायचा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स हे नवे चित्रकार आल्यावर तो नीट कपड्यांत आला आणि नीट बोलू लागला. ठोसे मारण्याचे काम मात्र बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहिले. साहेब हात हलवणार, नोकर हात चालवणार.

दुसरी गोष्ट बायकांची. नायिकेचे अपहरण हा कथा सुरू करण्याचा सोपा उपाय होता. वेताळाची डायना ही पट्टीची पोहणारी, संयुक्त राष्ट्रांत काम करणारी बाई. तरीही तिला कितीदा पळवून नेले याची गणती नाही. १९७७ मध्ये दोघांचे लग्न झाले, तरी हा प्रकार थांबला नाही.

तिसरी गोष्ट बिनचेहऱ्याच्या गुंडांची. पट्टीदार बनियन घातलेले दहा जण येतात, मार खातात आणि जातात. ते कोण, कुठले, का आले, काही नाही. मार खाण्यासाठीच ते जन्मले असावेत असे वाटते.

याला देशी उत्तर कुणी दिले?

१९७६ मध्ये ‘इंद्रजाल’नेच ‘बहादूर’ आणला. लेखक आबिद सुरती, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला हा तरुण डाकूंशी लढतो.

बहादूरचे वडील स्वतः डाकू होते. ते पोलिसांच्या गोळीने मेले आणि ज्या अधिकाऱ्याच्या हातून हे घडले, त्यानेच मुलाला वाढवले. सुडाची कथा लिहायला याहून चांगली सुरुवात मिळाली नसती. पण कथा उलटी वळते. मुलगा सूड सोडतो आणि गावकऱ्यांचे सुरक्षा दल उभे करतो.

इथेही बंदूक आहे, हाणामारी आहे. पण समोरच्या डाकूला बाप असू शकतो, मुलगा असू शकतो, हे वाचकाच्या मनात राहते. गुंडाला चेहरा मिळाला.

मुलांवर परिणाम होतो का?

विज्ञानाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सोपे नाही.

१९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बँडुरा यांनी ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाला रबरी बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तशीच मारहाण केली. १९६३ च्या प्रयोगात हेच पडद्यावर आणि कार्टूनसारख्या रूपात दाखवले. तिथेही मुलांनी नक्कल केली.

म्हणजे नक्कल होते, हे पक्के. वैरागच्या नातवाने बुचावर कवटी कोरली ती त्यामुळेच. पण टीकाकारांचे म्हणणे असे की, ती बाहुली मुळात मारण्यासाठीच बनवलेली होती. बाहुलीला मारणारे मूल उद्या माणसालाही मारेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. खेळातली नक्कल आणि वागण्यातला बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या मुलाला लढाई नवी नसते. अफझलखानाच्या वधाची गोष्ट तो पाच वर्षांचा असल्यापासून ऐकतो. फरक एवढाच की, ती गोष्ट कुणीतरी सांगत असते. का लढले, कुणासाठी लढले आणि पुढे काय झाले, हे सांगणारा माणूस शेजारी बसलेला असतो. पेटीतल्या पुस्तकाशेजारी तसे कुणी नव्हते.

आज मोबाइलवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनुसार ७+, १३+, १६+ अशी वयाची खूण लावावी लागते. जुन्या छापील कॉमिक्सवर अशी खूण नाही. ती घरातल्यांनीच लावायची.

घरात जुनी कॉमिक्स असतील तर काय करावे?

• सगळा गठ्ठा एकदम देऊ नका. ही कथा रोज थोडी वाचण्यासाठीच बेतलेली होती.

• पहिली दोन-तीन पुस्तके मुलासोबत बसून वाचा. मोठ्याने वाचली तर उत्तम.

• ‘मारू नको’ एवढेच सांगण्यापेक्षा विचारा : याला लागले असेल का? हा गुंड कुठून आला असेल? बोलून भांडण मिटले असते का?

• काळ्या माणसांची, बायकांची चित्रे खटकली तर पान उलटू नका. ती का खटकली, ते सांगा.

• मुलाने नक्कल केली तर लगेच घाबरू नका. पण दुसऱ्याला लागले तर खेळ तिथेच थांबला पाहिजे.

तारखांवर एक नजर

१९२९ : ‘टारझन’ आणि ‘बक रॉजर्स’
१९३४ : ‘फ्लॅश गॉर्डन’ आणि ‘मँड्रेक’
१९३६ : वेताळ
१९५४ : अमेरिकेत सुनावणी आणि कॉमिक्स कोड
१९५६ : भारतातला कायदा
१९६४ : ‘इंद्रजाल कॉमिक्स’
१९७६ : बहादूर
१९९० : ‘इंद्रजाल’ बंद
१९९१ : ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या या पट्टीने पेपरात चांगली पट्टी चालायला मारामारी लागतेच असे नाही, हेही दाखवले.

पेटीचे पुढे काय झाले?

वैरागच्या त्या घरात पेटी रद्दीत गेली नाही. ती आजोबांच्या खाटेखाली गेली आणि तिला कुलूप लागले. आता रोज संध्याकाळी चार पाने, तीही आजोबांच्या शेजारी बसून, असा नियम आहे. पहिलीतली बहीणही ऐकायला बसते. बुचाची अंगठी आईने केराच्या डब्यात टाकली.

पहिल्या आठवड्यातच नातवाने एक प्रश्न विचारला.

‘‘आज्जा, ती कवटीची खूण कधीच जात नाही ना? मग तो चोर सुधारला तर?’’

आजोबांनी ही पुस्तके शाळेत असताना कितीदा तरी वाचली होती. हे त्यांना कधी सुचले नव्हते. त्यांनी सुनेकडे पाहिले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

‘‘विचार की त्या वेताळाला,’’ ती म्हणाली, आणि चौथे पान झाले तरी त्या दिवशी आणखी दोन पाने वाचायला तिने हरकत घेतली नाही.